आत राहिलेला धागा

"सोबत कोण आलंय?" मी विचारलं.

"कोणी नाही," तो म्हणाला. "तुम्ही आहात ना... तेवढं पुरे."

मी ड्रेसिंग रूममधली नर्स. असली वाक्यं कानाआड करायची सवय होती. हे मात्र मनात राहिलं. आई गेल्यापासून घराचं कुलूप मीच लावायची, मीच उघडायची.

तो पोहणं शिकवायचा. आतड्याचं ऑपरेशन दुसरीकडे झालेलं, पण पोटावरची जखम एका टोकाला भरतच नव्हती. रोज थोडा पू... म्हणून पाण्यात उतरायला बंदी.

"काठावरून पोहायला शिकवतो," तो म्हणाला. "नुसती तोंडाची वाफ."

"बोलू नका, पोट हलतंय."

"मग हसवू नका."

"मी कुठे हसवलं?"

"तेच तर... एकदा तरी हसा."

मी हसले नाही. पण कापूस उचलायच्या निमित्ताने तोंड फिरवलं.

शेवटी सर्जनबाईंना कारण सापडलं — आतले टाके न विरघळणाऱ्या, पिळाच्या धाग्याचे होते. त्या पिळात जंतू दबा धरून बसलेले. वरून कितीही औषध लावा, धागा निघाल्याशिवाय जखम भरणार नव्हती.

टेबलावर आडवा झाल्यावर त्याची थट्टा आटली. "भीती वाटतेय," तो हळूच म्हणाला.

माझी ड्युटी संपली होती. तरी उशाशी थांबले, त्याचा हात धरला. बाईंनी काळा धागा गाठीसकट ओढून काढला. त्याची पकड आवळत गेली... मग सैल झाली. हात मात्र दोघांनीही सोडवला नाही.

जखम भराभर सुकली. मला आनंद व्हायला हवा होता.

"आता यायची गरज नाही," शेवटची पट्टी काढून मी म्हणाले.

तो दाराशी घुटमळला — मग नुसतं "बरं" म्हणून गेला. त्यानंतर दार वाजलं की मी मान वर करायची. दुसराच कोणीतरी पेशंट असायचा.

एका सुट्टीच्या दुपारी मी तो शिकवायचा त्या तलावावर गेले. मला पाहून तो पोहत काठाशी आला, गडबडून म्हणाला, "जखम ठीक आहे हो."

"जखम बघायला नाही आले."

"मग?"

"तुम्ही येत नाही... करमत नाही."

त्याने काठ धरला. केसांतून पाणी निथळत होतं.

"मी येतो," तो म्हणाला. "दवाखान्याच्या फाटकापर्यंत. आत यायला कारण नसतं, म्हणून परत फिरतो."

मी चपला काढल्या, त्याच्याजवळ काठावर बसले आणि पाय पाण्यात सोडले.