हसता शॉट

त्या सकाळी कल्पिता मुरुडच्या बाजारात गेली ती कापूस आणायला. वातीचा कापूस.

"कसली पूजा गो?" दुकानदाराने विचारलं.

"पूजा नाही, प्रेत आहे. खोटं."

दुकानदार हसला नाही.

ती काढत होती ती फिल्म छोटीच होती, पण तिच्यापायी कल्पिताने लग्नासाठी ठेवलेली ठेव मोडली. गावाने नावं ठेवली. ठेवोत बापडे! पैसा तिचा, घाम तिचा, आणि गोष्टही तिचीच. ती शाळेत असताना बाप होडी घेऊन गेला. होडी सापडली, बाप सापडला नाही. ना तिरडी, ना खांदा. म्हणून तिने लिहिलं ते एवढंच, की समुद्र बापाला परत देतो आणि गाव त्याला नीट पोचवतं.

बापाचं काम करायला धर्माजीकाका तयार झाला. बापाचा थोरला भाऊ. त्यानेच तिला वाढवलं. दोघा भावांची चण एक आणि हसणंही एक, पोटातून उसळून शेवटी खोकल्यात जाणारं. अंधारात मनुबाईकाकीसुद्धा फसायची.

"काय कल्पे, मेल्यावर मिशी ठेवू का काढू?" बापाचा जुना निळा सदरा घालून काका तिरडीवर आडवा झाला. नाकात कापसाचे बोळे. "मला शिंक आली तर तुझा बाप जिता व्हईल बघ!"

कॅमेरा नझीरचा. मुरुडचाच, लग्नांचे व्हिडिओ काढून हात बसलेला माणूस. सुरूच्या बनापुढे ओल्या वाळूवर तिरडी ठेवली. ऊन उतरलं होतं. काका असा निपचित पडला, की खांदा द्यायला आलेल्या माणसांच्या तोंडची थट्टा तोंडातच राहिली. लाटेचं पाणी हळूच तिरडीखाली शिरलं. कुजलेल्या शेवाळाचा वास आला.

"कट," कल्पिता म्हणाली.

नझीर कॅमेऱ्यापासून हलला नाही. "ताई, आता काकांचा हसता शॉट घेऊ. मय्यतीचा सीन झाला की त्याच माणसाचा, त्याच कपड्यांत, हसताना एक घ्यायचा. माझ्या उस्तादांनी कधी चुकवला नाही."

"कशासाठी?"

"सांगायला लागतं ना... की खोटं होतं."

"कुणाला सांगायचं?"

नझीर समुद्राकडे बघत राहिला.

बॅटरी संपत आली होती आणि कल्पिताला मावळत्या सूर्यापुढे रिकामी तिरडी हवी होती. त्या एका चित्रासाठी तर एवढा घाट घातलेला. "आधी माझा शॉट, नझीरभाई. सूर्य थांबत नाही."

"घेऊ दे रे तिला," काका उठत म्हणाला. "माझं हसू काय पळून जातंय? उद्या हसतो."

रिकाम्या तिरडीचा शॉट मिळाला, आणि कॅमेरा बंद पडला. नाकातला एक बोळा काकाने काढून फेकला. दुसरा नाकात नव्हताच, वाळूतही सापडला नाही.

दुसऱ्या दिवशी काका हसला नाही. त्यानंतरही नाही. पडवीत समुद्राकडे तोंड करून बसायचा, पुढ्यातलं ताट निवून जायचं. नझीर कॅमेरा घेऊन आला. काकीने आपल्या लग्नातली फजिती सांगितली, ज्यावर काका दर खेपेला लोळायचा. काकाने तोंड उघडलं. आतून आवाजच आला नाही.

"अंग गार लागतंय गो ह्यांचं," काकी कुजबुजली. "आणि तो सदरा... धुऊन वाळत घालते, परत ओला. चाखून बघ. खारट हाय."

शिकलेल्या कल्पिताने बाही जिभेला लावून पाहिली. खारटच होती.

एका दुपारी ती आतल्या खोलीत कानांना हेडफोन लावून आवाज तपासत बसली. रिकाम्या तिरडीचा शॉट. लाटा. आणि लाटांच्या मागे, पार खडकांपलीकडे, कुणीतरी हसत होतं. पोटातून. शेवटी खोकला.

काकाचं हसू! तिचे डोळे भरून आले. तिने पुन्हा लावलं. या खेपेला ते खडकांच्या अलीकडे होतं. पुन्हा लावलं, तर वाळूवर. आणखी एकदा... सुरूच्या बनात. येतंय, तिला वाटलं. आपल्या घाईने गेलेलं, आता घरी येतंय.

"काकी, लवकर ये! ऐक, काका हसतोय."

काकीने हेडफोन लावून डोळे मिटले. "कुठं गो? निस्तं पाणी वाजतंय."

आणि अंगणात, भर उन्हात, विहिरीपाशी कुणीतरी पोटातून हसलं. खोकलं.

कल्पिता पडवीकडे धावली. काका उभा होता, ओठ घट्ट मिटलेले. त्याने तिचं मनगट धरलं आणि तिला माजघरात ओढलं. हात बर्फासारखा.

"दार लाव, कल्पे..."

"काका, तुझंच हसू आहे ते. येऊ दे ना..."

"न्हाय गो. तो मी न्हाय."

तिचा हात कडीवर थांबला. बाहेर पायरीवर ओलं पाऊल वाजलं. किती वर्षं तिने त्या पावलाची वाट पाहिली होती. तिने डोळे मिटले आणि कडी घातली. बापाला बाहेर ठेवून कडी घातली.

सगळं शांत झालं. मग पायाला काहीतरी गार लागलं. उंबऱ्याच्या आतल्या बाजूला कापसाचा एक बोळा पडला होता, पाण्याने निथळणारा.

पाठीमागे, तिचं मनगट तसंच धरून, काका हसला. पोटातून, भरभरून. शेवटी खोकला.

"हसले गो!" आतल्या खोलीतून काकी रडत ओरडली. "देवा, हसले एकदाचे!"

कल्पिताने मागे वळून पाहिलं नाही.