ओल्या ढलप्या

साइमीने ओत्सोला पहिल्यांदा बघितलं ते त्याला परत पाठवण्यासाठीच.

खरं तर खाली उतरून जळणाचा माल तपासणं हे तिचं काम नव्हतं. तिची जागा वर, काचेच्या खोलीत. भट्टी, वाफ, विजेचं टर्बाइन आणि साऱ्या हालावारा गावाच्या घरांतून फिरणारं गरम पाणी, एवढं सगळं तिच्या हाताखाली. पण माल उतरवून घेणाऱ्या माणसाची पाठ धरली होती आणि त्याच्या जागी दुसरा ठेवणं वरच्या साहेबांना परवडत नव्हतं. गावातल्या माणसांची पाठ साहेबांना कधीच परवडत नाही. म्हणून ऑक्टोबरच्या भुरभुर पावसात तीच खाली आली, आणि ट्रकमधून एक लांबच लांब पोरगा उतरला. केसांत भुसा, बाहीवर डिंक.

तिने लाकडाच्या ढलप्यांत कोपरापर्यंत हात घातला, मूठ बाहेर काढली, पिळली. हातमोजा भिजला.

"परत ने."

"सगळ्या?"

"नाही, दोन ठेव. कानात घालते."

तो हसला. रागवायचं सोडून हसला! "ओत्सो म्हणतात मला."

"नाव कुठे विचारलं? ओल विचारली होती, ती कळली."

त्यानंतर त्याचा माल कधी ओला आला नाही. जंगलाच्या रस्त्याकडेला रचलेल्या ओंडक्यांवर तो शरदातच जाड डांबरी कागद अंथरायचा. हिवाळ्यात कागदावर बर्फ साचतं. ते झटकून पाडायचं आणि मगच कागदासकट ओंडके यंत्रात घालून ढलप्या पाडायच्या, अशी इथली रीत. झटकताना खांदे भरून येतात, म्हणून कितीतरी लोक चुकवतात. ओत्सो चुकवत नसे. आणि पाठ धरलेल्या माणसाची जागा रिकामीच राहिल्यामुळे नमुना घ्यायला दर वेळी साइमीच खाली यायची.

"आज कशा आहेत?" तो विचारायचा.

"ढलप्या बऱ्या आहेत."

"आणि ड्रायव्हर?"

"ड्रायव्हरचा नमुना घ्यायची सोय नाही इथे."

"सोय करता येईल की…"

"कॉफी पी आणि नीघ."

असं म्हणून कॉफी तीच ओतायची. तो निघाला की वर जाऊन कॅमेऱ्यात फाटकापर्यंत त्याचा ट्रक बघायची. कुणी विचारलं असतं तर म्हणाली असती, फाटक नीट बंद होत नाही.

जानेवारीत पारा उणे एकतीसवर गेला. थंडीवर कविता करणाऱ्यांनी त्या दिवशी हालावारात यायला हवं होतं. शाई सोडा, जीभ गोठली असती. तेलाचा राखीव बॉयलर शरदापासून बिघडलेला. दुरुस्तीचं साहेब लोक 'बघू' म्हणाले होते. ते कुठल्या तरी दूरच्या शहरात उबेत बसून बघत होते. म्हणजे गावाला ऊब देणारी आग एकच. ती गेली की घरं गार, मग नळ गोठणार, पाइप फुटणार. आणि वृद्धाश्रमातल्या अंथरुणाला खिळलेल्या माणसांना हलवणार कुठे?

साइमीची ड्युटी संपत आलेली असताना ओत्सोचा ट्रक ढलप्या ओतायच्या खड्ड्यापाशी येऊन थांबला. धापा टाकतच तो उतरला.

"गेलीस की काय वाटलं…"

"निघालेच होते."

ती नमुन्याचं डबडं घेऊन ट्रकमधल्या ढिगाकडे वळली. त्याने हातमोजा काढला.

"हलू नकोस. पापणीवर बर्फ आहे तुझ्या."

ती हलली नाही. त्याचं बोट ऊनऊन होतं. पापणीवर आलं, थांबलं… जरा जास्तच थांबलं. उतरतानाच त्याने कळ दाबली होती; मागे ट्रकचा हौदा कलला, ढलप्या धडाधड खाली खड्ड्यात गेल्या. डबडं तिच्या हातात रिकामंच राहिलं.

तिच्यानंतर येणाऱ्याची गाडी थंडीने सुरूच होईना, म्हणून ती थांबली. ओत्सोही थांबला, खाली, कॉफीशी. तासाभरातच भट्टीचा काटा घसरायला लागला. साइमी धावत जाऊन झरोक्यातून डोकावली. पिवळ्या ज्वाळेच्या जागी काळे गोळे नुसते फुसफुसत होते.

तिने टर्बाइन बंद केलं. वीज नको, सगळी वाफ गावाच्या पाण्याला. तरी काटा खालीच. ती खड्ड्याकडे पळाली, मूठभर ढलप्या उचलल्या. निम्मं बर्फ.

"ओत्सो!"

तो आला. तिच्या मुठीकडे बघून त्याचा चेहरा उतरला.

"झटकलं होतंस?"

"…अर्धं."

"अर्धं का?"

"तू दोनला जातेस ना." त्याची नजर बुटांवर. "पूर्ण झटकत बसलो असतो तर तू भेटली नसतीस."

"मूर्खा! उद्या भेटले असते! मी काय मरणार होते? आता गावातलं कुणी मरेल!"

तिने त्याच्या छातीवर मूठ आपटली. बर्फ सांडलं. तो मागे सरला नाही.

"आमच्या कोठारात कोरड्या आहेत," तो म्हणाला. "उन्हाळ्यात वाळवलेल्या. घरच्या बॉयलरसाठी ठेवल्यात."

"आणि तुमचं घर?"

"चूल आहे. आई शिव्या घालेल."

"माझ्या वाटच्याही घालायला सांग. जा!"

ट्रक गेला आणि ती एकटी उरली. एवढ्या मोठ्या कारखान्यात एक बाई आणि एक मरायला टेकलेली आग. ओल्या ढलप्या आत जाऊ देणं तिने थांबवलं. लांब लोखंडी दांड्याने जाळीवरचे गोळे बाजूला ओढले, निखारे एकत्र केले, हवा कमी केली. भुवया करपल्या. गावाचं पाणी उतरत होतं. फोन वाजत होता, ती उचलत नव्हती. रडायलाही आलं, पण दांडा सोडून डोळे पुसणार कुठल्या हाताने?

ट्रकचा आवाज आला तेव्हा ती डबडं घेऊनच बाहेर पडली.

"टाकू?" ओत्सो ओरडला.

"थांब."

"साइमी, आग…"

"थांब म्हणते ना!"

तिने तीन ठिकाणी हात घातला, तीन वेळा पिळलं. खडखडीत कोरड्या.

"टाक. त्या कोपऱ्यात, ओल्यांत मिसळू देऊ नकोस."

आधी धूर आला. मग काहीच नाही… काहीच नाही… आणि मग निखाऱ्यांवरून एक पिवळी जीभ सरकली, दुसरी उठली, भट्टी घुमायला लागली. दोघं झरोक्याशी खांद्याला खांदा लावून उभी होती. काटा थांबला. हलला. वर निघाला.

दोघं वर काचेच्या खोलीत आली तेव्हा फोन पुन्हा वाजला. मॅनेजर, रेयो. काजळीने माखलेले हात, म्हणून तिने टेबलावरच्या फोनचा स्पीकर नुसता बोटाने दाबला. खोलीभर आवाज.

"काय चाललंय तिथे? पाणी का उतरलं?"

"ओला माल गेला. आता चढतंय."

"नमुना घेतला होतास?"

ओत्सो हातवारे करत होता. माझ्यावर घाल, मी फसवलं म्हण. थंडीचं कारण देता आलं असतं, माणसं कमी असल्याचं देता आलं असतं, आणि दोन्ही खरीच होती.

"नाही घेतला."

"का?"

"ड्रायव्हरकडे बघत होते."

"म्हणजे?"

"म्हणजे बघत होते, रेयो. आवडतो मला तो."

"हे… हे मी वर काय कळवू?"

"हेच कळव. आणि सांग, माल बघायला वेगळा माणूस असता, राखीव बॉयलर चालू असता, तर मला त्याच्याकडे निवांत बघता आलं असतं."

फोन बंद झाला.

ओत्सोचे कान लालबुंद झाले होते, आणि खोलीत तर चांगलीच ऊब होती. "साइमी… मी…"

"महिनाभर तुझा माल घेणार नाही. मीच सांगणार आहे तसं."

"बरं."

"म्हणजे इथे यायला तुला काही कारण उरत नाही."

"नाही उरत," तो हळूच म्हणाला.

तिने काजळीचा हात त्याच्या गालावर ठेवला. पाचही बोटं उमटली.

"मग कारणाशिवाय ये."