शेंदूर पुसलेला साग

पूर्वेला तांबडं फुटलं, तेव्हा भैरवकोटाच्या तटावर उभ्या असलेल्या सुभानजी नाइकाने, जिथे पिढ्यान्‌पिढ्या सागाचं दाट रान खाडीपर्यंत उतरत होतं ती आता उघडीबोडकी पडलेली डोंगराची सोंड पाहिली आणि लाजेने मान फिरवली.

रानाचा नाईक तोच. आरमारासाठी कोणता साग पाडायचा, हे तोच दाखवी. रीत अशी की, पिकलेली झाडं तेवढी निवडून तोडायची आणि मधूनमधून एखादा थोराड साग शेंदूर लावून बियाण्याला राखायचा. त्याच्याच बियांतून पुढचं रान उठे. शेंदराच्या झाडाला रानात लाकूड तोडणाऱ्या ठाकरांची कुऱ्हाड कधी लागत नसे.

पण हुजुरांचे कारभारी पाहणीला येण्याआधी सुभेदार निंबाजीरावांना आरमाराची नवी गुराब पाण्यात उतरवून शाबासकी मिळवायची होती. तेवढ्या लाकडासाठी सोंडेवरचं सगळं रान पाडावं लागणार होतं, राखलेली झाडंसुद्धा. "नाईक, शेंदूर पुसलात की गडाची हवालदारी तुमची," ते म्हणाले. सुभानजीने आपल्याच शेल्याने शेंदूर पुसला.

"नाईक, हितं शेंदूर व्हता," ठाकरांचा म्होरक्या गंगा म्हणाला होता.

"माझ्यावर भरवसा नाही?"

गंगाने झाडाला हात जोडले आणि घाव घातला.

आज सदरेवर कारभाऱ्यांनी राखलेल्या सागांचा जाब विचारला, तेव्हा निंबाजीरावांनी बेधडक ठाकरांकडे बोट केलं. गंगाचा उजवा हात कलम करण्याचा हुकूम सुटला. गंगाने गयावया केली नाही. नाईक आता बोलतील, अशा खात्रीने तो नुसता सुभानजीकडे पाहत राहिला.

ती नजर सुभानजीला सोसवेना. पुढे होऊन मुजरा करत त्याने कमरेचा शेला सोडला आणि शेंदराने माखलेला पदर सदरेवर पसरला. "हात तोडायचा तर हा तोडावा, सरकार! सुभेदारांनी सांगितलं आणि हवालदारीच्या लोभाने शेंदूर मी पुसला. ठाकरांनी माझ्या शब्दावर कुऱ्हाड चालवली."

गंगाचा हात वाचला, निंबाजीरावांची सुभेदारी तिथेच गेली. मग कारभारी सुभानजीकडे वळले. "तुमचा हात आम्हांस नको. सोंड पुन्हा हिरवी होईतो नाईकपण तुमच्याचकडे राहील. रोज तिथे उभे राहा."

तो उभा राहिला. दुरून बी आणून टोकलं, काटेरी कुंपण घातलं, गुरं हाकलली. पुढे रोपं छातीला लागली, तरी त्या वाटेने कुणी आलं की तो पाठ फिरवी.

एके सकाळी गंगा कुऱ्हाड घेऊन आला. पलीकडच्या रानातून डोलकाठीसाठी एक साग हवा होता.

"नाईक, दावा. कंचं तोडू?"

गंगाने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. सुभानजीने झाड दाखवलं, पण गंगाच्या तोंडाकडे त्याला पाहवलं नाही.