पहिला नातेवाईक

माझं डोकं लवकर तापतं, हे आधीच सांगून टाकते. म्हणजे पुढचं ऐकताना कुणी म्हणायला नको की बाई हळवी आहे, भास झाले असतील. एकतीस वर्षं मी डोंबिवलीत एमआयडीसीतल्या रंगाच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलला आहे. नमुना घ्यायचा, तपासायचा, दिसलं तेच लिहायचं आणि खाली सही करायची. न बघता सही ठोकली म्हणून मी दोघांना घरी पाठवलंय.

आईसाठी जागा शोधायला निघाले तीही अशीच, यादी करून. माझी आई रमाबाई, वय एकोणऐंशी. चार वर्षांपूर्वी विसरायला लागली. आधी गॅस, मग वार, मग माणसं. माझे मिस्टर महेंद्र तिला कुणी साहेब वाटायचे, ते घरात आले की बिचारी उठून उभी राहायची. शेवटी ओळखीची अशी मी एकटी उरले. कामावरून आले की, "उत्ते, आलीस का गं?" एवढं न चुकता म्हणायची. ठाकुर्लीच्या आमच्या घरात बाकी सगळ्याचा बोऱ्या वाजला होता, पण हे होतं, आणि मला तेवढंच हवं होतं. मरेपर्यंत तिनं मला ओळखावं. त्यापलीकडे माझं काही मागणं नव्हतं.

मग महेंद्रांचं बायपास झालं. त्याच महिन्यात आई दोनदा घराबाहेर गेली, दुसऱ्यांदा मनगट मोडून घेऊन आली. माझ्याच्यानं होईना. हे सांगायला लाज वाटते, पण नाही झालं.

पहिली जागा माजिवड्याला पाहिली. टॉवरच्या लॉबीत कारंजं. ते दाखवण्यात तिथल्या बाईंनी वीस मिनिटं घालवली आणि संडास बघू म्हटलं तर चावी सापडेना. कल्याणला एका ठिकाणी एका आजोबांचे हात ओढणीनं खुर्चीला बांधलेले. "पडतात ना ते," म्हणे. डोंबिवलीच्या बंगल्यात आठ जण टीव्हीसमोर ओळीनं बसलेले होते आणि टीव्ही बंद होता. मी तिथून चपला हातात घेऊनच बाहेर आले.

चौथी जागा आंबिवलीची, नाव 'ओसरी'. स्टेशनवरून रिक्षा, मग बंद पडलेल्या कारखान्याची लांबच लांब भिंत, ती संपली की दुमजली इमारत. आवारात करंजाची दोन झाडं. फरशी कोरडी, नखं कापलेली म्हातारी माणसं, प्रत्येकाच्या चपलांवर नाव. आणि वास कसलाच नाही. फिनेलचा नाही, लघवीचा नाही, जेवणाचाही नाही. एवढी माणसं राहतात तिथं वास नसणं मला खटकायला हवं होतं. मला उलट आवडलं.

तिथल्या मुख्य मैथिली मॅडम. पन्नाशीच्या, बोलणं हळू, बोलताना मोबाइलकडे न बघणाऱ्या. त्यांनी सहा पानी फॉर्म पुढे ठेवला. पाचव्या पानावर एक प्रश्न होता, पेशंट अस्वस्थ झाल्यास त्यांना काय सांगावे?

"इथं एकच पद्धत आहे," मैथिली मॅडम म्हणाल्या. "तुम्ही लिहाल तेच तिन्ही शिफ्ट सांगणार. शब्दाला शब्द. सकाळी एक, दुपारी दुसरं असं झालं की ही माणसं बिथरतात. एकदा सांगायला लागलो की मग बदलता येत नाही. म्हणून विचार करून लिहा."

मला त्या बाईंच्या पाया पडावंसं वाटलं. पद्धत एक ठेवा, पद्धत एक ठेवा म्हणून लॅबमधल्या पोरांसमोर माझा घसा बसलाय.

आता सम्यकचं सांगायला हवं. सम्यक माझा धाकटा भाऊ. पालिकेच्या पाणीखात्यात वॉलमन होता, कुठल्या गल्लीला किती वाजता पाणी सोडायचं ते त्याच्या हातात. २०१४च्या ऑगस्टमध्ये लेप्टो होऊन तीन दिवसांत गेला. छत्तीस वर्षांचा. लग्न राहिलंच. आईनं स्वतः त्याच्या फोटोसमोर मेणबत्ती लावली होती आणि आजार आल्यावर नेमकं तेवढंच विसरली. "सम्यक कुठंय?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा मी खरं सांगितलं. ती ज्या आवाजात रडली तो आवाज मला परत ऐकायचा नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न. महेंद्र म्हणाले, "अगं, सांग ना ड्युटीवर गेलाय, पाणी सोडून सहाला येतो. काय बिघडतं?" तेव्हापासून आम्ही तेच सांगत आलो. सहा वाजेपर्यंत ती विसरून जायची.

पाचव्या पानावर मी तेच लिहिलं. सम्यक ड्युटीवर गेलाय, सहाला येतो. पण पहिल्या पानावर नातेवाइकांच्या रकान्यात भाऊच नाही, आणि आत मात्र तो सहाला येणार, हे जुळेना. कागद जुळला नाही की मला चैन पडत नाही. पानं उलटून मागे आले आणि 'जवळचे नातेवाईक, पहिला' इथं सम्यकचं नाव घातलं. मुलगा पहिला, आमच्या घरी रेशनकार्डापासून तसंच लिहायची रीत. 'दुसरा' इथं मी. भेटीची वेळ, रोज संध्याकाळी सहा. खाली सही केली. खोट्या नोंदीवर जन्मात केलेली ती एकच.

पहिला आठवडा भेटायचं नाही असा त्यांचा नियम होता. नवव्या दिवशी, रविवारी दुपारी गेले. आई खिडकीशी बसलेली, वेणी घातलेली, गाल भरल्यासारखे. मला बघून म्हणाली, "आलीस का?" माझं नाव नाही घेतलं. मी म्हटलं, जाऊ दे, नवी जागा आहे.

तिची देखभाल करायला ठमाबाई होती, तिथल्याच गावची, साठीची, हातात हिरव्या बांगड्या. ताट उचलता उचलता म्हणाली, "आता बरी जेवतं तुजी आई. तुजा भाव भरवतं ना रोज सांजचे."

"कोण भरवतं?"

"भाव तुजा. पान्याच्या खात्यानला. चांगला हाय गो पोर. जरा वास येतं अंगाला, वल्या चिखलाचा. पन तो कामाचाच असंल."

माझं डोकं सणकलं. कुणी तरी येऊन बसतंय आणि हे खुळे लोक त्याला आत सोडतायत, हाच पहिला विचार. सरळ खाली जाऊन भेटीची वही मागितली. आठ ओळी होत्या, आठही दिवस सहा पाच. नाव सम्यक आणि समोर सही. त्याच्या 'क'चं शेपूट खाली ओढलेलं आणि त्याखाली दोन रेघा. ती सही त्याला मीच शिकवली होती, दहावीच्या फॉर्मच्या वेळी.

मैथिली मॅडमना म्हटलं, कॅमेरा दाखवा. त्यांनी आढेवेढे न घेता दाखवला. आदल्या दिवशीचे सहा पाच. फाटकाशी वॉचमन खुर्चीवरून उठला. फाटक उघडलं, एक माणूस आत यायला लागतो तेवढा वेळ धरून ठेवलं. कुणाला तरी मान हलवली. मग लावून घेतलं. रस्ता मोकळा होता.

"कुठाय माणूस?" मी विचारलं.

"आत्ताच गेले ना," मैथिली मॅडम म्हणाल्या. त्या स्क्रीनकडे बघत होत्या, तिथं जिन्याची रिकामी पायरी दिसत होती.

घरी जाऊन महेंद्रांना सांगितलं. त्यांनी बीपीची गोळी आणून दिली, माझी. मी भांडले नाही. सोमवारी अर्धी रजा टाकली आणि साडेपाचला आईच्या खोलीत जाऊन बसले.

आई पलंगावर बसली होती. मी केळं सोलून दिलं, घेतलं नाही. मी म्हटलं, "आई, मी उत्तरा." तिनं मान डोलावली, दुकानदाराला डोलवावी तशी.

सहा वाजून गेले. खाली फाटक वाजलं.

आईनं पदर सारखा केला. चार वर्षांत तिनं आपणहून पदर सावरलेला मी पाहिला नव्हता.

मग वास आला. पाइप फुटल्यावर रस्ता खणतात, त्या खड्ड्याचा. त्या इमारतीत मला आलेला पहिला वास.

आई पलंगावर सरकली. बाजूला जागा केली. गादी दबली का ते मी बघत होते, पण आमच्या दोघींच्या मध्ये ठमाबाई येऊन उभी राहिली, ताट घेऊन.

"दमलास रे," आई म्हणाली. आणि बोलत सुटली. धड, पूर्ण वाक्यं. चोळेगावातल्या आमच्या जुन्या चाळीतल्या नळाचं, शेजारच्या दगडूमामांचं, कुणाच्या लग्नात पंगतीला पाणी कमी पडलं त्याचं. नावासकट, सालासकट. जे जे तिच्यातून निघून गेलं म्हणून डॉक्टरांनी हात वर केले होते ते सगळं जागच्या जागी होतं. मध्येच थांबायची, ऐकायची, हसायची. घास तोंडाशी येण्याआधी तोंड उघडायची. ताट माझ्या समोर रिकामं झालं. कुणाच्या हातानं ते मला दिसलं नाही, बघायला गेलं की डोळे भरून यायचे.

मला हेवा वाटला. भीती नंतर वाटली. आधी हेवा.

मग आईनं माझ्याकडे बोट केलं. "ही बाई कोण रे?"

तिनं कान दिला. बराच वेळ ऐकत राहिली. चेहरा जरासा उतरला.

"बरं," ती म्हणाली. "बसू दे मग."

तशीच खाली गेले. मैथिली मॅडमना म्हटलं, "मी आईला घरी नेतेय. आत्ता."

त्यांनी आईची फाइल काढली, पहिलं पान उघडलं. "पहिल्या नातेवाइकाची सही लागेल. कालच विचारलं त्यांना, तुमची चौकशी बघून. नाही म्हणाले."

"तो मेलाय हो," मी म्हटलं. "अकरा वर्षं झाली."

त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं ती नजर मी ओळखते. मी स्वतः चार वर्षं आईकडे तशीच बघत होते. "हो का," त्या मऊ आवाजात म्हणाल्या. "पाणी घ्या थोडं."

मोबाइलमध्ये मृत्यूचा दाखला होता. तो काढून त्यांच्या नाकासमोर धरला. त्यांनी चष्मा लावून सगळा वाचला, तारीखसुद्धा. मग फॉर्म माझ्याकडे फिरवला.

"हे तेव्हा का नाही सांगितलंत? ही सही तुमचीच ना?"

माझीच होती.

"तिन्ही शिफ्ट तेच सांगतायत, दहा दिवस. आता मी काय करू, तुम्हीच सांगा."

वर जाऊन मी आईचा हात धरला आणि ओढलं. हो, ओढलं. एकोणऐंशी वर्षांच्या बाईला. तिनं पलंगाचा दांडा पकडला आणि रडली नाही, फक्त माझ्या पाठीमागे दाराकडे बघत म्हणाली, "सांग रे हिला." मी हात सोडला. मनगट मोडलेलं तेच होतं.

त्यानंतर दोन महिने गेले नाही. फोन करायचे. ठमाबाई सांगायची, वजन वाढलंय, पुस्तक वाचते, काल बुद्धवंदना स्वतः म्हटली. घरी आणली असती तर महिन्याभरात अंथरुणाला खिळली असती, हे मला कळत होतं. पोलिसात जाऊन तरी काय सांगणार, माझा भाऊ आईला रोज भेटतो म्हणून?

गेल्या शनिवारी राहवलं नाही. सकाळी गेले, सहाच्या आत परतायचं ठरवून.

आई पेपर वाचत होती. चष्मा जागच्या जागी, नाकावर. मला बघून तिनं पेपर घडी करून ठेवला.

"या, बसा," म्हणाली. "कुणाकडं आलात?"

"तुमच्याकडेच."

"बरं केलंत. मुलगा ड्युटीवर गेलाय माझा. तुम्ही ठाकुर्लीच्या का? चेहरा तिकडचा वाटतो."

मी हो म्हटलं. माझा आवाज सरळ होता.

"मुलगी नाही तुम्हाला?" मी विचारलं. कशाला विचारलं, कुणास ठाऊक.

"होती ना. थोरली. आठ वर्षांची गेली, काविळीनं. चाळीत साथ होती." तिनं भिंतीकडे मान केली. "तो फोटो बघा. सम्यकनं कुठून तरी मिळवून आणला."

भिंतीवर फ्रेम होती, पांढऱ्या फुलांचा ताजा हार घातलेली. आत मी. दोन वेण्या, शाळेचा फ्रॉक, डोळे पिवळट. आठव्या वर्षी मला कावीळ झाली होती, हे खरं आहे. सव्वा महिना झोपून होते. मग बरी झाले. त्या दिवसांत आमच्याकडे कुणी फोटो काढला नव्हता. आमच्या चाळीत कॅमेरा कुणाकडेच नव्हता.

"गुणी होती," आई म्हणाली. "पण खूप वर्षं झाली, आता तिचा आवाजसुद्धा आठवत नाही."

माझा आवाज ती मघापासून ऐकत होती. तो तिला ओळखू आला नव्हता. ते मला सहन होईना.

जायला उठले तेव्हा तिनं माझा हात धरला. तिचा हात गरम होता, पकड घट्ट.

"शुक्रवारी तिच्या स्मरणाचं पुण्यानुमोदन आहे. इथंच, खाली हॉलमध्ये. सम्यकनं सगळ्यांना कळवलंय. तुम्ही पण या जेवायला."

मी विचारलं, किती वाजता.

"सहाला." मग तिनं मला पायापासून डोक्यापर्यंत नीट पाहिलं, माप घेतल्यासारखं. "पांढरी साडी आहे ना तुमच्याकडं? नसली तर असू दे. त्यानं एक आणून ठेवलीय."