निळ्या दोऱ्याचे वेढे

सिस्टर तळ्यावर आली ती वडिलांना दातांच्या डॉक्टरकडे न्यायला. इस्पितळातल्या बाईला सुट्टी मिळवायला किती नाकदुऱ्या काढाव्या लागतात, ते त्या धंद्यातल्यांनाच ठाऊक. तरी तिने काढल्या, कारण वडिलांचं बोलणं बंद झालं होतं. आणि वडील म्हणजे कोण, तर ज्यांना अख्खा काठ 'रेडिओ' म्हणायचा. होड्यांची इंजिनं दुरुस्त करता करता हा माणूस एकदा सुरू झाला, की गिऱ्हाईक कंटाळून निघून गेलं तरी इंजिनाशी बोलत राहायचा. स्वतःच्या लेकीलासुद्धा नाव सोडून 'सिस्टर' म्हणायला त्यांनीच सुरुवात केली होती, आणि मग सगळ्यांचीच जीभ त्यावर बसली.

तर असा माणूस हल्ली फोनवर नुसता "हं" म्हणायचा. जेवलात का? हं. झोप लागते ना? हं. मी येऊ का? यावर आधी नाकाने जोरजोरात श्वास घेतल्याचा आवाज, आणि मग एकदम, हं. कवळी सैल झाली असेल, हिरड्या सुजल्या असतील, अशी तिने मनाची समजूत घातली. एकट्या पडलेल्या म्हाताऱ्याला दुसरं काय होणार?

एकटे पडले होते, हे खरं. आई गेल्या वर्षी तळ्यात गेली. भर दुपार, वारा पडलेला, आणि तिची होडी रिकामी काठाला आली. बादलीत मासळ्या पोहत होत्या, चपला फळीखाली नीट ठेवलेल्या होत्या. पाणबुडे उतरवले, तळ ढवळून काढला, पण देह काही मिळाला नाही. शेवटी सगळे हात टेकून घरी गेले.

आईचं काठावर नाव होतं ते आमिष लावण्यात. होडी सावकाश वल्हवत न्यायची, मागे तंगुसाचा, म्हणजे नायलॉनचा, लांबलचक दोर सोडायचा, टोकाला गळ आणि गळाला बोटाएवढी जिवंत मासळी. मोठा मासा तिला भुलून मागे येतो. पण चालत्या होडीमागे ती मासळी टिकवणं महाकठीण. पाण्याच्या ओढीने निसटते, नाहीतर तोंडात पाणी भरून मरते. आईची ना कधी निसटली, ना कधी मेली. ती गळ खालच्या ओठातून वर काढायची, दोन्ही ओठ एकत्र घेऊन, म्हणजे तोंड मिटलेलं राहतं आणि जीव राहतो. गळाच्या टोकावर सायकलच्या ट्यूबची कापलेली काळी टिकली चढवायची, म्हणजे मासळी मागे सरकत नाही. वरून शिवणाच्या निळ्या दोऱ्याचे दोन वेढे आणि तिची ती आडवी गाठ, जी बापलेकींना कधी जमली नाही. मग दोऱ्याला एक हलका झटका द्यायची. मासळी वळवळली की म्हणायची, "आहे जिवंत. सोड आता."

दोरा उरला तर तो पाण्यात टाकायचा नाही, असा तिचा दंडक होता. हात ओले, खिसे ओले, म्हणून तो मनगटाला गुंडाळून ठेवायचा. घरातल्या तिघांनाही ती सवय लागलेली. सिस्टर तर इस्पितळातसुद्धा बँडेजची उरलेली पट्टी मनगटाला गुंडाळायची, आणि बाकीच्या नर्स तिची टर उडवायच्या.

दुपारी ती पोचली तेव्हा वडील ओट्यापाशी उभे होते, पाठमोरे. घर झाडलेलं, भांडी घासलेली. फक्त वास ओला होता, पाणी साचलेल्या बादलीसारखा. ते वळले आणि लेकीला बघून त्यांचे डोळे भरून आले. आनंदाने आले असतील, असं तिला वाटलं.

"काय हो बाबा, रेडिओचे सेल संपले की काय?" ती म्हणाली.

"हं," ते म्हणाले. ओठ हलले नाहीत.

तिने तोंड उघडायला सांगितलं तर त्यांनी मान फिरवली. हनुवटी धरली तर हात बाजूला केला. खालच्या ओठावर एक बारीकसा ठिपका होता, वरच्या ओठावर तसाच दुसरा. रक्त नाही, सूज नाही. चष्म्याच्या काडीने टोचलं असेल, दाढी करताना लागलं असेल, ती स्वतःशी म्हणाली. डाव्या मनगटाला निळा दोरा होता, त्याचं तर तिला काहीच वाटलं नाही. त्या घरात दोरा मनगटालाच असायचा.

दूध तेवढं ते ओठांच्या कोपऱ्यातून नळी लावून प्यायले.

संध्याकाळी ती बर्फवाल्याकडे गेली, उद्याच्या बसची चौकशी करायला. बर्फवाला आईच्या वेळेपासूनचा, मासे ठेवायला काठाला बर्फ पुरवायचा. त्याने लादी फोडायचं थांबवलं आणि इकडेतिकडे बघून आवाज खाली आणला.

"ताई, उद्याच घेऊन जा त्यांना. तळ्यावर पुन्हा पाठवू नका."

"का हो काका?"

"त्यांची होडी चालते ना... वल्ही आत असतात. दोन्ही. मी चांगलं बघितलंय. ते नुसते बसलेले असतात, आणि होडी चालत असते. आमिष ओढावं ना, त्या वेगाने."

"प्रवाह असेल."

"तळ्याला कसला आलाय प्रवाह?" तो म्हणाला आणि पुन्हा बर्फ फोडायला लागला.

दुसऱ्या दिवशी सकाळी धुकं इतकं खाली उतरलं होतं की अंगणातून धक्का दिसत नव्हता. बॅग भरून झाली, आणि वडील दाराशी जाऊन उभे राहिले. त्यांनी तळ्याकडे बोट केलं. मग तिच्याकडे. मग हात जोडले. ज्या माणसाने जन्मात कुणापुढे मान तुकवली नाही, त्याने लेकीपुढे हात जोडलेले बघून तिचा निश्चय डळमळला. शेवटची फेरी, पाणी बघून येऊ, बसला अजून वेळ आहे, असं म्हणत तीच होडीत आधी चढली. नंतर तिला आठवलं, की हात जोडताना ते मान नकारार्थी हलवत होते. तेव्हा तिने ते म्हातारपणाचं थरथरणं समजलं.

तिने वल्ही मारली. काठ दिसेनासा झाला. वडिलांनी बादलीतली मासळी काढली आणि गळाला कशीबशी लावली. पाठीतून, वेडीवाकडी, ना टिकली, ना दोरा. आईने बघितलं असतं तर डोक्याला हात लावला असता. त्यांनी दोर सोडला. होडी सावकाश पुढे चालली होती, वल्ह्यांखेरीज कशाचा म्हणून आवाज नव्हता.

"बाबा, निसटली असणार ती. ओढा वर," ती जराशाने म्हणाली.

त्यांनी दोर ओढला. मासळी निसटली नव्हती, वळवळत होती. गळ आता पाठीत नव्हता, दोन्ही ओठ एकत्र घेऊन वर काढलेला होता. टोकावर काळी टिकली होती. वर निळ्या दोऱ्याचे दोन वेढे आणि आडवी गाठ.

सिस्टरच्या हातातली वल्ही थांबली. आणि खरं सांगायचं तर भीतीच्याही आधी तिला रडू आलं. ती गाठ तिने लहानपणी किती वेळा सोडवून बघितली होती. वर्षभर ज्या बाईचं नखसुद्धा मिळालं नाही, तिच्या बोटांचं काम समोर लोंबत होतं, ताजं, ओलं.

"आई...?" ती पाण्याकडे बघून म्हणाली.

वडिलांनी डोळे गच्च मिटले. तेव्हा तिच्या लक्षात आलं, की वल्ही थांबलेली आहेत आणि होडी चालतेच आहे. तशीच, सावकाश, एका लयीत. धुकं दोन्ही बाजूंनी मागे सरकत होतं. तिने वल्ही पाण्यात रोवून धरली, मागे जोर लावला, हाताला रग लागली. होडीचा वेग तसूभर कमी झाला नाही.

मग तिला दोरा दिसला. वडिलांच्या मनगटाचा. त्याचं एक टोक होडीच्या काठावरून पाण्यात उतरलं होतं आणि ताठ होतं.

तिची पाचावर धारण बसली. पण नर्सचे हात असे असतात, की डोकं बधिर झालं तरी ते आपलं काम करतात. आमिषाच्या डब्यात कात्री होती. तिने वडिलांचं मनगट धरलं, पात्याखाली दोरा घेतला आणि कापला. होडी एक हिसका खाऊन थांबली. मनगटावरचे वेढे सैल झाले, ते तिने सोडवले, आणि कात्री डब्यात टाकून दोन्ही हातांनी वल्ही धरली.

वडिलांचं तोंड उघडलं. महिनाभर बंद असलेलं कवाड उघडावं तसं, कष्टाने. ओठांवरच्या ठिपक्यांतून पाणी ओघळलं.

"कशाला आलीस गं... कशाला आलीस," ते म्हणाले. "दर फोनला मला सांगायचं होतं, येऊ नकोस. तोंडच उघडायचं नाही. हं एवढंच निघायचं. तेवढंच निघू द्यायचे."

"कोण, बाबा?"

"दोरा सोडवायचा प्रयत्न केला, सुटला नाही. घरी असलो तरी ओढ लागायची, पहाट झाली की पाय आपोआप धक्क्याकडे. मग कळलं, मला नाही नेणार. मला नुसतं जिवंत ठेवलंय." ते भराभर बोलत होते, जुन्या सवयीने, वाक्यावर वाक्य, जणू सेल संपायच्या आत सगळं सांगून टाकायचं होतं. "मला वाटलं होतं तुझी आई भेटेल. आहे ती. खाली आहे. पण ती फक्त आमिष लावायचं काम करते, सिस्टर. तेच काम, इथं करायची ते. होडी कोण वल्हवतं, ते मी बघितलं नाही..."

"बोलू नका आता. पोचलोच आपण."

"पिल्लूला कळवू नकोस. मी गेलो तरी कळवू नकोस. तिला इकडे आणू नकोस."

पिल्लू म्हणजे सिस्टरची मुलगी, शहरात वसतिगृहात राहून शिकणारी. आजोबांचा तिच्यावर भारी जीव. "नाही आणणार," सिस्टर म्हणाली. धक्का दिसायला लागला तोवर ते बोलतच होते, शब्द लागत नव्हते तरी. होडी धक्क्याला लागली आणि रेडिओ बंद झाला. तिने नाडी बघितली, पुन्हा बघितली. मग तिथेच फळीवर बसून तिने हंबरडा फोडला.

बर्फवाल्याने माणसं जमवली, वडिलांना घरी आणलं. पुढच्या खोलीत त्यांना ठेवलं, बर्फाच्या लाद्या त्यानेच आणून लावल्या. दुपारी धुकं विरलं आणि चक्क ऊन पडलं. लोक हळू आवाजात बोलत होते. रेडिओच्या जुन्या गप्पा निघाल्या, एकदोघं डोळे पुसता पुसता हसलेसुद्धा. सिस्टर कोरड्या डोळ्यांनी सगळं करत होती. धुक्यात ओले झालेले कपडे बदलून तिने कोरडे घातले होते, केस पुसले होते. आतल्या खोलीत फोन वाजला तेव्हा ती उठून गेली.

"आई, आजोबांना न्यायला गेलीस ना?" पिल्लूचा आवाज. "कसे आहेत ते? दात दाखवले?"

काय सांगायचं ते सिस्टरने सकाळीच मनाशी पक्कं केलं होतं. सगळं छान आहे, आजोबा झोपलेत, तू परीक्षेचं बघ. मी दोन दिवसांत येते. एवढंच.

"हं," ती म्हणाली.

ती दचकली. पुन्हा प्रयत्न केला. खालचा ओठ वरच्याला धरून होता. दुखत काहीच नव्हतं, फक्त दोन्ही सुटत नव्हते.

"आई? अगं नुसतं हं काय? बरी आहेस ना?"

तिने फोन खांद्याशी धरून दोन्ही हातांनी ओठ ओढले. तेव्हा तिची नजर आपल्या डाव्या मनगटावर गेली. सकाळी होडीत, वल्ही धरायच्या आधी, वडिलांचा सोडवलेला दोरा तिने पाण्यात टाकला नव्हता. जन्माच्या सवयीने मनगटाला गुंडाळला होता. नुसता गुंडाळला होता. गाठ तिने मारली नव्हती. आता तिथे नीट दोन वेढे होते, आडवी गाठ होती, आणि गाठीशी एक काळी रबरी टिकली. कोरड्या घरात, कोरड्या हातावर तो दोरा ओला होता.

कात्री होडीत राहिली होती. तिने दात लावायला मनगट तोंडाशी नेलं, पण दात मिटलेल्या ओठांच्या आत होते. तिने मिटल्या तोंडानेच हुंकार देत बर्फवाल्याला हाक मारली. तो दाराशी आला, तिचं तोंड बघून त्याला भडभडून आलं, आणि "रडून घ्या ताई," म्हणून त्याने दार हळूच ओढून घेतलं.

"आई, तू रडतेयस का? आजोबांना काही झालंय का?"

नाही म्हणायला तिने सगळा जीव एकवटला. नाकातून जोरजोरात श्वास निघाला, आणि मग एकदम, "हं."

"थांब तू. मी निघालेच," पिल्लू म्हणाली. "संध्याकाळच्या बसने येते. एकटी बसू नकोस, हां?"

फोन बंद झाला. बाहेर कुणीतरी बर्फ फोडत होतं. सिस्टर भिंतीला टेकून उभी होती, मनगट छातीशी धरून. आणि दोऱ्याला कुणीतरी एक झटका दिला, अगदी हलका, सवयीचा. तिचा हात वळवळला.