आठ दुर्बिणींचा नकार

सकाळी साडेनऊला कुणी दुर्बीण आकाशाकडे रोखून बसलं असतं, तर पूर्वी लोकांनी त्याला धरून सावलीत नेलं असतं आणि पाणी पाजलं असतं. आता तसं राहिलं नव्हतं. जत तालुक्यातल्या त्या आडरस्त्यावर, चहाच्या टपरीपासून चार पावलांवर तनुजा सपकाळ दुर्बीण लावत होती आणि टपरीवाल्याने भांडी विसळता विसळता एवढंच विचारलं, "शनी लावताय का गुरू? गुरू असला तर बघायला येतो. शनी नको."

"दोन्ही नाही. साधा तारा आहे," तनुजा म्हणाली.

"मग ऱ्हाऊ द्या," म्हणून तो आत गेला.

ही सगळी प्रकाशचाळणीची किमया. दिवसा तारे कुठे जात नाहीत; हवेत विखुरलेल्या उन्हात ते बुडून जातात, इतकंच. प्रकाशचाळणी ही नखाएवढी चकती. दुर्बिणीत शिरणारा प्रकाशाचा एकेक कण ती तपासते, ताऱ्याकडून सरळ आलेला असेल तर ठेवते, हवेत धडपडत आलेला असेल तर टाकून देते. दहा वर्षांत ती इतकी अंगवळणी पडली, की शाळेत दुसऱ्या तासाला शनीची कडी दाखवली तर मुलं जांभया देत.

तनुजाचा तारा मात्र बघण्याजोगा नव्हताच. दहा वाजून सतरा मिनिटांनी त्याच्यासमोरून साडेतीनशे मीटर रुंदीचा एक लघुग्रह जाणार होता. कागदोपत्री त्याला आकड्यांचं आणि अक्षरांचं लांबलचक नाव होतं. लोक त्याला नुसती 'धोंड' म्हणत. पाच वर्षांनी, २०५२च्या एप्रिलमध्ये, ही धोंड पृथ्वीवर आदळण्याची शक्यता नव्वदात एक होती. आदळलीच, तर सातारा आणि सोलापूर यांच्यामधल्या एका पट्ट्यात आदळणार होती. त्या पट्ट्यात खटावच्या माळावरची नवी निगडोली होती, म्हणजे तनुजाचं गाव.

गावाला 'नवी' म्हणायचं कारण जुनी निगडोली पन्नास वर्षं धरणाच्या पाण्याखाली आहे. एकदा उठलेलं गाव. आता पुन्हा उठवण्याचा मसुदा मंत्रालयात तयार होता आणि जानेवारीत त्यावर सही व्हायची होती. तीन वर्षं पट्ट्यात नव्या बांधकामाला परवानगी नव्हती. सोयरिकीला आलेले पाहुणे चहा पिऊन झाला की हळूच विचारत, "तुम्ही मग कुठं जाणार?" या प्रश्नाला उत्तर देऊन देऊन गाव विटलं होतं.

दोन वर्षांपूर्वी एका संस्थेने गावच्या आकाशमंडळाला विचारलं होतं, एक मोठी दुर्बीण देऊ की आठ छोट्या? शाळेच्या वर्गात सभा भरली. मंडळाचे संस्थापक आनंदराव चाळके पहिल्यांदा उठले. भूगोलाचे निवृत्त शिक्षक, वय बहात्तर; तनुजाला अक्षांश-रेखांश त्यांनीच शिकवले होते.

"मोठी घ्या," चाळके सर म्हणाले. "काँक्रीटच्या चौथऱ्यात बोल्ट ठोकून बसवा. तेविसाव्या वर्षी मी घराची दारं-चौकटी उपटून टेम्पोत भरल्यात. एकदा तरी या गावात अशी वस्तू येऊ द्या, जी टेम्पोत चढणार नाही."

तनुजा उभी राहिली. आता ती तालुक्याच्या कॉलेजात विज्ञान शिकवत होती, तरी सरांपुढे बोलताना हात मागे बांधायची सवय सुटली नव्हती. "सर, मोठी दुर्बीण फार लांबचं बघेल. पण धोंड सध्या सूर्याच्या बाजूला आहे, तिची काळोखी बाजू आपल्याकडे आहे, तिकडे ती मोठ्या दुर्बिणीलाही तीन वर्षं दिसायची नाही. तिची सावली मात्र पकडता येईल. तारा तिच्याआड गेला की सावली जमिनीवरून सरकत जाते, आणि सावलीत उभं असलेल्यालाच तारा विझलेला दिसतो. सावली आपल्या गावात येणार नाही. आपल्याला तिच्या वाटेत जाऊन उभं राहावं लागेल."

"म्हणजे गाव सोडायची तयारी तू आत्ताच सुरू केलीस," सर म्हणाले.

हात वर झाले ते छोट्यांसाठी. त्या दिवसापासून सर तनुजाला 'मॅडम' म्हणू लागले. एका वर्गात, एका बाकावर बसूनही 'मॅडम'. तिला ते दर वेळी लागायचं. पण दुर्बिणी आल्यावर त्यांची घडी घालायला, त्या उलगडायला, तारा धरायला सगळ्यांत आधी शिकले तेही सरच. रुसवा माणसावर होता, दुर्बिणीवर नव्हता.

आणि आज सावली येणार होती. ती दोनशे किलोमीटर रुंदीत कुठूनही जाऊ शकत होती, आणि ती कुठून जाते त्यावरून धोंडीची पुढची वाट कळणार होती. त्यातला फक्त सव्वादोन किलोमीटरचा एक पट्टा वाईट होता. सावली त्या पट्ट्यातून गेली तर धोंड आदळणार हे नक्की. दुसऱ्या कुठूनही गेली तर नाही. हा वाईट पट्टा समुद्रावरून, घाटातल्या ढगांखालून येऊन जतच्या या मोकळ्या माळावर निघत होता, आणि पुढे पूर्वेला वादळाने आभाळ भरलं होतं. निरभ्र जागा होती ती एवढीच. म्हणून नव्या निगडोलीची आठ माणसं पहाटे विलासच्या टेम्पोतून निघून इथे आली होती आणि दक्षिणेकडून उत्तरेकडे, तीनशे-तीनशे मीटरवर, पट्टा अडवून बसली होती. धोंड साडेतीनशेची, अंतर तीनशेचं. मधून निसटायला जागा नव्हती.

गंमत अशी, की आकाश बघणारा माणूस एरवी असल्या क्षणासाठी जीव टाकतो. तारा दशांश सेकंद विझलेला दिसला की वर्षभर सांगत सुटतो. आज आठही जणांना मनापासून वाटत होतं, की फेरी फुकट जावी.

चौथ्या जागेवर तनुजाचा तारा पडद्यावर स्थिर झाला. दहाला पाच मिनिटं कमी असताना फोन वाजला. शेवटच्या, आठव्या जागेवरून चाळके सर बोलत होते.

"मॅडम, माझे आणि अलकाचे अक्षांश बघा जरा."

अलकाकाकू सातव्या जागेवर होत्या. तनुजाने दोन्ही आकडे पडद्यावर आणले. ते जवळजवळ सारखेच होते.

"आठव्या जागेकडं जाणारी पाऊलवाट नव्या कालव्यानं तोडलीय," सर सांगत होते. "तुम्ही विलासला म्हणालात, सरांना रस्त्यानं अजून तीनशे मीटर पुढं सोड. त्यानं मीटर बघून बरोबर सोडलं. पण अलकापासून रस्ता पूर्वेला वळतो. जमिनीवर मी तीनशे मीटर पुढं आहे. धोंडीच्या हिशेबानं अलकाच्या मांडीला मांडी लावून बसलोय."

पट्ट्याच्या उत्तरेकडचे दोनशे मीटर उघडे पडले होते. सावली तिथून गेली असती तर आठही जणांनी प्रामाणिकपणे 'नाही' सांगितलं असतं, गाव निर्धास्त झालं असतं, घरं बांधली असती, आणि पाच वर्षांनी... तिने तो विचार पुढे जाऊ दिला नाही. चूक तिची होती. चाळके सरांच्या विद्यार्थिनीने उत्तर दिशा सोडून रस्ता मोजला होता.

"विलासला टेम्पो घेऊन पाठवते," ती म्हणाली.

"कालव्यापलीकडं टेम्पो येतो होय? उत्तरेला शाळूचं रान आहे, पाणी सोडलंय. मी चालत जातो."

"सर, अकरा किलोची आहे ती."

"ठाऊक आहे. मी मागत होतो ती चारशेची होती," सर म्हणाले आणि फोन बंद झाला.

सरांनी दुर्बिणीची घडी घातली, ती पाठीवर बांधली, स्टँड काखेत मारलं आणि ते कालव्यावरच्या पाईपवरून पलीकडे गेले. रानात सिद्राम नावाचा शेतकरी फावडं घेऊन पिकाला पाणी देत होता. त्याने लांबूनच हाक मारली, "ओ म्हातारबा, पिकातनं कुठं?"

"तीनशे मीटर उत्तरेला. तारा बघायचाय."

"हितनं दिसत न्हाई व्हय?"

"दिसतो. पण हितनं दिसून उपयोग नाही. वीस मिनिटं आहेत माझ्याकडं."

सिद्रामने त्यांच्याकडे पाहिलं. चिखलाने भरलेली चप्पल, पाठीवर ओझं, कपाळावर घाम. काय चाललंय ते त्याला समजलं नसावं, पण माणूस थट्टा करत नाही एवढं समजलं. त्याने फावड्याने पाणी दुसऱ्या वाफ्यात वळवलं आणि स्टँड स्वतःच्या खांद्यावर घेतलं. "बांधानं चला माझ्या मागनं. वाफ्यात पाय घातला तर गुडघ्याएवढं आत जाशीला."

दोघं बांधाबांधाने निघाले. मध्ये एकदा सर थांबले, छातीवर हात ठेवून चार श्वास घेतले आणि पुन्हा चालू लागले. पडद्यावरचा अक्षांश हवा तिथे आला तेव्हा दहा वाजून बारा मिनिटं झाली होती. ओल्या जमिनीत स्टँडचे पाय रुतायला लागले. सिद्रामने बांधावरचे तीन चपटे दगड आणून पायांखाली दिले. दुर्बिणीने आकाशात तारा शोधायला सुरुवात केली. एकदा चुकली. पुन्हा फिरली. दहा सोळाला ठिपका पडद्याच्या मधोमध येऊन थांबला आणि त्याखाली ताऱ्याच्या उजेडाची रेघ सरळ धावू लागली.

"आता?" सिद्रामने विचारलं.

"आता काही होऊ नये."

दहा वाजून सतरा मिनिटं झाली. सेकंद पुढे सरकत होते. तेविसाव्या वर्षी सर असेच उभे होते, टेकडीवर, खाली देवळाच्या पायऱ्या पाण्यात जाताना बघत. तेव्हा बघण्याशिवाय हातात काहीच नव्हतं. आज भीती तेवढीच वाटत होती, पण निदान उभं कुठे राहायचं ते त्यांनी स्वतः ठरवलं होतं. ठरलेला क्षण आला आणि गेला. रेघ सरळच राहिली. अठरा झाली, एकोणीस झाली. रेघ सरळ.

तनुजाच्या फोनवर एकेक आवाज येऊ लागला. "एक, नाही." "दोन, नाही." तिने स्वतःचं 'चार, नाही' सांगितलं. अलकाकाकूंनी 'सात' म्हणून मध्येच देवाचं नाव घेतलं आणि मग 'नाही' म्हटलं.

"आठ," चाळके सर म्हणाले. "नाही. तनुजा, इथंपण नाही."

नोंदी पुण्याच्या केंद्रात गेल्या. नकार खरा धरायचा तर कॅमेरा क्षणभरही मिटलेला नसावा, घड्याळ चुकलेलं नसावं, दोन जागांमध्ये फट नसावी. हे सगळं तिथे तपासलं जाणार होतं. आठही जण टपरीवर जमले. विलासने सरांना कालव्याजवळून टेम्पोत घालून आणलं, सोबत सिद्रामही आला, कारण आता त्याला पुढे काय होतं ते कळल्याशिवाय पाणी द्यायला सुचत नव्हतं. चहा आला. कुणी प्यायला नाही.

पाऊण तासाने केंद्रातल्या डॉ. नझमा पटवेकरांचा फोन आला. तनुजाने तो सगळ्यांना ऐकू जाईल असा ठेवला.

"आठही नकार पक्के आहेत," त्या म्हणाल्या. "कुठेही फट नाही. आठवी जागा आधीच्या ठिकाणी राहिली असती, तर मी हे म्हणू शकले नसते. धोंड येत नाही. तुमच्या गावाच्या पट्ट्यावरच काय, पृथ्वीवर कुठेच येत नाही."

अलकाकाकू ओढणीत तोंड खुपसून हुंदके देत रडल्या. तनुजाला आपण तीन वर्षं खांदे आवळून चालत होतो हे ते सैल पडल्यावर कळलं. विलास टेम्पोला टेकून उभा होता. त्याच्या घराचे खांब तीन वर्षं गजांसकट उघडे उभे होते. तो हळूच म्हणाला, "मग मी स्लॅब टाकू?"

"टाक बाबा," अलकाकाकू ओढणीतूनच म्हणाल्या, आणि मग सगळे हसायला लागले. टपरीवाल्याने गार झालेले चहा उचलून नेले आणि न विचारता दुसरे ठेवले.

तनुजा सरांशेजारी जाऊन बसली. त्यांचे पाय गुडघ्यापर्यंत चिखलाने माखले होते. "चूक माझी होती सर. मी रस्ता मोजला."

"सगळे रस्ताच मोजतात," सर म्हणाले. "धरणाचे साहेबही आम्हाला म्हणाले होते, नवं गाव फक्त साठ किलोमीटरवर आहे. रस्त्यानं साठच होतं ते."

तिने नवा चहा त्यांच्या हातात दिला. मग म्हणाली, "आता मोठी दुर्बीणही मागू. चौथऱ्यासकट."

"मागू की," सर म्हणाले. त्यांचा चेहरा इतका मोकळा झालेला तिने कधी पाहिला नव्हता.

फोन अजून चालू होता. डॉ. पटवेकर घुटमळत होत्या. "एक विचारायचं होतं. आजच विचारणं बरं नाही, पण वेळ कमी आहे. ओडिशाच्या किनाऱ्यावर मच्छीमारांची एक वस्ती आहे. त्यांच्या वाट्याला दुसरा दगड आलाय, लहान आहे, पण त्यांच्यापुरता पुरेसा आहे. फेब्रुवारीत त्याची सावली येईल. त्यांच्याकडे दुर्बिणी नाहीत आणि शिकवायलाही कुणी नाही. तुमच्या आठ मिळतील?"

सगळ्यांनी चाळके सरांकडे पाहिलं. सरांनी टेम्पोत घडी घालून ठेवलेल्या दुर्बिणींकडे पाहिलं. पन्नास वर्षांत हा माणूस एका रात्रीसाठीसुद्धा गाव सोडून राहिला नव्हता. लेकीच्या घरूनही संध्याकाळची एसटी पकडून परत यायचा. त्यांनी पँटवरचा वाळत आलेला चिखल नखाने खरवडला, घसा साफ केला आणि फोनच्या दिशेने जरा वाकून विचारलं, "तिकडं जाणारी गाडी सोलापूरहून मिळते का?"