गंधबंदी

दोडामार्गच्या जंगलाशेजारच्या प्रयोगशाळेत सात देशांचे शास्त्रज्ञ एका गोचिडीसाठी उभे राहून टाळ्या वाजवत होते. भारतीय समन्वयक डॉ. गाडेकरांनी काचेच्या तबकडीत हात ठेवला होता. गोचीड बोटापर्यंत आली, थबकली आणि पाठ फिरवून निघून गेली.

"चावा नाही, ताप नाही. माकडताप संपला!" गाडेकर म्हणाले. त्यांना वाक्यं लहान आणि समारंभ मोठे आवडत.

त्याच चमूतल्या डॉ. शर्मिष्ठा परुळेकरनं गावी आईला फोनवर समजावलं, "गोचिडीला आम्ही माणसाच्या वासाची किळस बसवली. आणि जनुक वारसासक्तीचं आहे, म्हणजे प्रत्येक पिल्लात उतरणारच. दोन-तीन हंगामांत अख्खं जंगल गंधबंद."

"म्हणजे गोचीड शिकली म्हणायची! मगे ता गोचिडीचा तेल आता लावूक नको मां? वास मारता मेला."

"नको, आये."

तीन हंगामांनी चाचणी झाली. सातही देशांचे शास्त्रज्ञ पांढरे मोजे चढवून जंगलात दिवसभर फिरले. मोज्यांवर एकही गोचीड नाही. यश शंभर टक्के. सरकारनं गावोगाव वाटायचं तेल बंद केलं, आणि शर्मिष्ठाची आई उघड्या हातापायांनी काजूच्या बागेत जाऊ लागली.

आठवड्याभरात तिला ताप चढला. तपासणीत माकडताप निघाला. शर्मिष्ठा घरी धावली. ॲम्ब्युलन्सची वाट पाहत तिनं गाडेकरांना फोन लावला.

"गावात आणखी अकरा जण आहेत, सर. चाचणीत तर एकही चावली नव्हती!"

"आपल्याला," गाडेकर म्हणाले.

"म्हणजे?"

"गोचिडीला माणूस म्हणजे कातडीवरच्या जंतूंचा वास. साबण, खाणं, हवा बदलली की तो बदलतो. आपण एक नमुना-वास ठरवला, त्याची किळस बसवली."

"घाम कुणाचा घेतला होता?"

पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज आला. "उद्घाटन परिषदेला आलेल्यांचा. सगळे एकाच हॉटेलात, तोच साबण, तेच जेवण, तोच एसी. वास इतका एकसारखा आला की सगळे खूश झाले. गावकऱ्यांच्या घामासाठी सात देशांच्या सात नीतिसमित्यांची परवानगी लागली असती. मीच म्हणालो, शेवटी आपणही माणसंच ना?"

"मी अजून तोच साबण वापरते. परिषदेचा उरलेला प्रयोगशाळेत खोकी भरून पडलाय."

"सगळेच वापरतो. फुकट आहे. आणि परुळेकर, अहवालात एक गोष्ट नीट लिहा. गोचीड चुकलेली नाही. तिला जे शिकवलं तेच ती करतेय."

शर्मिष्ठानं फोन ठेवला. आईच्या अंगावर बागेतलंच लुगडं होतं. खांद्यावरच्या पदरात काहीतरी हललं. गोचीड होती. शर्मिष्ठानं तिच्या वाटेत बोट आडवं धरलं. गोचीड बोटापर्यंत आली, थबकली, पाठ फिरवली आणि आईच्या मानेकडे चालू लागली. तबकडीतल्यासारखीच. शर्मिष्ठानं तिला चिमटीत पकडलं. ती सुटायला धडपडत होती.

आईनं डोळे किलकिले केले.

"काय गो ता?"

"गोचीड."

"तुका नाय मां चावली?"

"नाही, आये. मला चावत नाही."

"मगे बरा झाला," आई म्हणाली, आणि समाधानानं डोळे मिटले.